ब्रेक पॅड कडक म्हणजे ब्रेक पक्का?

“नवा पॅड नखाने ओरखडून बघा, जेवढा कडक, तेवढा ब्रेक जोरात लागतो.” हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, कारण कडक वस्तू टिकाऊ असते हा आपला रोजचा अनुभव.

पण ब्रेक लागतो तो घर्षणामुळे, आणि कडकपणा ही वेगळीच गोष्ट. पॅड एकजिनसी नसतो. तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, बराइट (एक जड खनिज), रबर हे सगळं फेनॉलिक राळेत (चिकटवून धरणाऱ्या कृत्रिम रेझिनमध्ये) बांधून, तापवून दाबलेलं मिश्रण असतं ते. सारख्याच कडक दोन पॅडांचं घर्षण अगदी वेगळं असू शकतं. कारखान्यात कडकपणा मोजतात, नाही असं नाही. पण तो मुख्यतः माल सगळीकडे सारखा शिजलाय का हे कळायला.

घर्षणाची चाचणी निराळी. पॅडचा इंचभर चौकोनी तुकडा फिरत्या ड्रमवर दाबतात आणि तापमान सुमारे 340 अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात. खरी गंमत इथे आहे: तापल्यावर राळ विघटित होऊ लागते, घर्षण घसरू शकतं. लांब घाट उतरताना ब्रेक कमी का लागतो, त्याचं एक कारण हेच.

घरी तपासायचं तर नख नको, पॅडची कड बघा. बऱ्याच पॅडांवर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात: पहिलं नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापलेल्या पॅडचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (घर्षण किती, हे सांगणारा आकडा) 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45. मूळ पॅडवरची अक्षरं नव्याशी ताडून घ्या.