दहापैकी किती, की दोघांत कुठला?

माझी एक मैत्रीण लेकीला घरीच शिकवते. परवा तिचा फोन आला. ‘पावसावरच्या निबंधाला रात्री दहापैकी सहा दिले. सकाळी चहा पिताना परत वाचला तर साडेसात द्यावेसे वाटले. निबंध तोच, आईही तीच. मग खरे मार्क किती?’

यात तिचा दोष नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. कुणी शंभरपैकी ६४ दिले, तर कुणी ९८. पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तफावत आणखी वाढली!

आपल्या डोक्यात वजनकाटा नसतो, दोन पारड्यांचा तराजू असतो. हातावर एक नारळ ठेवून ‘किती ग्रॅम?’ विचारलं तर कुणीही ठोकून देईल. दोन हातांवर दोन दिले, तर जड कुठला हे बहुतेक वेळा बरोबर सांगता येतं.

या तराजूतून आकडे कसे काढायचे, हे थर्स्टन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली दाखवलं, आणि ती युक्ती मला फार आवडते. त्याचं म्हणणं असं, की निबंधाची मनातली किंमत एका जागी थांबत नाही, एका सरासरीभोवती डोलत राहते. मैत्रिणीचे सहा आणि साडेसात म्हणजे तेच डोलणं. दोन निबंधांची डोलण्याची क्षेत्रं एकमेकांत शिरलेली असतील तर निकाल कधी इकडे, कधी तिकडे लागतो. लांब असतील तर दर वेळी एकच जिंकतो. म्हणजे परीक्षकाचा जो चंचलपणा आपण दोष मानतो, तोच अंतर मोजायची पट्टी होतो. शंभरात ५० वेळा जिंकला तर अंतर शून्य, ८४ वेळा तर साधारण एक एकक, ९८ वेळा तर दोन. (एकक म्हणजे फरकाचं प्रमाण विचलन, तो फरक साधारण किती डोलतो त्याचं माप. घंटेच्या आकाराचा वक्र आठवत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, की टक्के आणि अंतर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत.) बुद्धिबळात जिंकण्या-हरण्यावरून खेळाडूचं बळ आकड्यात सांगणारं एलो रेटिंग याच जातीचं.

घरी हे जमतं. सहा महिन्यांचे सहा निबंध घेतले तर जोड्या १५ होतात. तारखा झाकायच्या. शक्यतो टाइप करून घ्यायचे, नाहीतर अक्षरावरूनच वय ओळखू येतं. मग आई, बाबा, आजी, मावशी यांनी प्रत्येक जोडीत एक निवडायचा. एवढ्याशा मतांवरून दशांश चिन्हापर्यंत जाऊ नये, पण चढता क्रम बऱ्यापैकी लागतो. गणिताला हा खटाटोप नको आणि मार्कही नकोत, तिथे कुठली पायरी चुकली तेवढं बघावं.

मार्क मुलीला दाखवायचे का, हा वेगळा प्रश्न. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली. शेऱ्यासोबत मार्कही दिले, तर शेऱ्याचा फायदा धुऊन गेला. पुढे एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शाळेची) दहावी द्यायची ठरली, तर मार्कांची गाठ पडेलच. आठ वर्षांच्या पोरीला आत्तापासून त्याची सवय कशाला?

आणि हो, बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारी ती डीएमआयटी चाचणी! हजारो रुपये मोजून चकचकीत रिपोर्ट मिळतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. तळहाताऐवजी बोटं धरली म्हणून ज्योतिषाचं विज्ञान होत नाही.

मैत्रिणीने प्रयोग केला. लेकही परीक्षक म्हणून बसली. आईने सप्टेंबरचा निबंध वर ठेवला, पोरीने जुलैचा. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘सप्टेंबरच्यात मी तुला आवडणारे शब्द घातलेत. जुलैच्यात मी खरंच भिजले होते.’