पोकलेनच्या दंडातलं तेल

मे महिन्यात धाकट्या भावाच्या रानात शेततळ्याचं काम निघालं आणि दोन दिवस मी बांधावर बसून पोकलेन चालताना बघत होतो. वरची काळी माती भराभर निघाली. खालचा मुरूमही निघाला. मग मांजऱ्या खडक लागला. बकेटचे दात खडकाला भिडले, हाताचा वेग एकदम मंदावला, पण इंजिनचा सूर जवळजवळ तसाच राहिला. घाटात चुकीच्या गिअरमध्ये चढणारी गाडी आचके देत बंद पडते. इथे २० टनांचं यंत्र खडकाशी झुंजत होतं आणि बंद पडायचं नाव नव्हतं. क्षणभर त्याच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज आला, मग खडकाची मोठी कपची उचकटून वर आली.

अशा यंत्राचं इंजिन असतं साधारण १५० अश्वशक्तीचं. म्हणजे रस्त्यावरच्या एखाद्या दणकट मोटारीइतकंच. मग खडक उचकटायचा जोर येतो कुठून?

उत्तर यंत्राच्या नावातच दडलेलं आहे. पोकलेन हा शब्द मराठी वाटावा इतका आपल्या तोंडी बसलाय, पण तो आहे फ्रान्समधल्या एका कारखान्याचा. पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हिल गावात जॉर्ज बातायची पोकलेन कंपनी शेतीची अवजारं बनवायची. १९५१ मध्ये तिने तेलाच्या दाबावर चालणारं आपलं पहिलं खोदयंत्र काढलं. पुढे लार्सन अँड टुब्रोने परवाना घेऊन पोकलेनची यंत्रं भारतात बनवली. धरणं, कालवे, खाणी अशा कामांवर ती गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आज यंत्रावर टाटा हिताची लिहिलेलं असो की कोमात्सु, गावात येतं ते पोकलेनच.

त्याआधी खोदयंत्रं नव्हती असं नाही. अमेरिकेत विल्यम ओटिस या तरुणाने वाफेच्या फावड्याचं पेटंट १८३९ मध्ये मिळवलं. पनामा कालव्याचा डोंगर फोडला तो बहुतांशी बुसायरस कंपनीच्या वाफेच्या फावड्यांनी. पण त्या यंत्रांचे स्नायू म्हणजे साखळ्या आणि तारेचे दोर. दोराची एक मोठी अडचण आहे: तो ओढू शकतो, ढकलू शकत नाही. बकेट पुढे रेटायची तर वेगळी दातेरी पट्टी आणि चाकं लागत. आपण ओंजळ मुडपतो तशी बकेट मनगटातून मुडपणं तर त्या यंत्रांना जमतच नव्हतं.

तेलाला ते जमतं. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. पोकलेनमध्ये तो डोळ्यांनी दिसतो. बूमच्या, म्हणजे यंत्राच्या मोठ्या दंडाच्या, एका सिलिंडरचा आतला व्यास धरा १२ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या वाटीएवढा. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३५० किलोपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये हाच आकडा सव्वादोनच्या आसपास असतो. गुणाकार केला की जवळपास ४० टन येतात. वाटीएवढ्या तोंडाच्या नळीतून ४० टन! तरफेच्या हिशेबात दातापर्यंत पोचताना त्यातला बराच जोर घटतो, तरी २० टनी यंत्राच्या बकेटच्या टोकाशी १४-१५ टन उरतात.

आता त्या न बंद पडणाऱ्या इंजिनाकडे येऊ, कारण मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते. इंजिन थेट काहीच खोदत नाही, ते फक्त पंप फिरवतं. पंपात एका गोल फिरत्या ठोकळ्यात सहसा ७ किंवा ९ छोटे दट्टे असतात आणि त्यांचे पाय एका तिरक्या तबकडीवर टेकलेले असतात. ठोकळा फिरला की तिरकसपणामुळे दट्टे आत-बाहेर होतात आणि तेल ढकलतात. तबकडी जास्त तिरकी असली की तेल जास्त येतं, कमी तिरकी असली की कमी. बकेट मोकळ्या मातीत असते तेव्हा दाब कमी असतो, तबकडी पूर्ण तिरकी असते आणि हात झपाट्याने हलतो. खडक लागला की दाब चढतो. चढलेला दाबच तबकडीला सरळ करत नेतो, तेल कमी येऊ लागतं, हात मंदावतो. दाब आणि तेलाचा ओघ यांचा गुणाकार इंजिनाच्या ताकदीत मावेल असा राखला जातो. म्हणून वेग पडतो, पण इंजिन गुदमरत नाही. आणि दाब ठरलेल्या मर्यादेला भिडला की सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडतो व तेल टाकीकडे परत पळतं. मी ऐकलेलं कण्हणं त्याचंच होतं.

पोकलेन चालताना दिसलं तर सिलिंडरच्या चकाकत्या दांड्यांकडे नीट बघा. बूम उचलताना, आर्म म्हणजे बूमच्या पुढचा हात आत घेताना, बकेट मुडपताना, तिन्ही वेळी दांडा बाहेर सरकतो. आपल्याला वाटतं यंत्र माती ओढतंय. खरं तर तेल ढकलतंय. यामागे साधा हिशेब आहे. दट्ट्याच्या एका बाजूला पूर्ण वर्तुळ मोकळं असतं, दुसऱ्या बाजूची बरीच जागा दांडाच अडवतो, तिथे जोर जवळपास निम्मा उरतो. म्हणून रचना करणाऱ्यांनी जड कामं मोकळ्या बाजूला दिली. बकेट उलगडायला आणि हात परत लांब करायला उरलेली बाजू. तिथे जागा कमी, म्हणून तितक्याच तेलात हालचाल भरभर होते.

एवढ्या ताकदीचं यंत्र हरतं मात्र धुळीपुढे. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. उघड्या रानात, वारा सुटलेला असताना, मळक्या डब्याने तेल ओतलं की आतले गुळगुळीत पृष्ठभाग घासायला सुरुवात होते आणि लाखोंचा पंप अकाली झिजतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: होजला, म्हणजे तेलाच्या रबरी नळीला, बारीक छिद्र पडल्यासारखं वाटलं तर ते हात फिरवून कधीही शोधू नका. त्या दाबाची तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते, पण बोट किंवा हात गमवायची पाळी येते. आधी यंत्र बंद करून दाब उतरवायचा; छिद्र शोधायचंच तर लांबून पुठ्ठा धरून. आणि धार लागलीच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

तेलाची ही कल्पना एका कारखान्याची नव्हती. इटलीत ब्रुनेरी बंधूंनी १९४८ च्या सुमाराला असं यंत्र घडवलं होतं. त्यांचे हक्क फ्रान्सच्या सिकाम कंपनीने घेतले आणि यंत्राला नाव दिलं युंबो. १९६१ मध्ये मित्सुबिशीने परवाना घेऊन तेच जपानमध्ये बनवलं आणि तिथे आजही साधी माणसं खोदयंत्राला युंबो म्हणतात, आपण पोकलेन म्हणतो तसं. १९६५ मध्ये हिताचीने परवान्याशिवाय, स्वतःच्या तंत्रावर यूएच०३ काढलं आणि हळूहळू या धंद्याचं वजन पूर्वेकडे झुकलं. अमेरिकेची कॅटरपिलर अजून जगात पहिली आहे, जपानची कोमात्सु तिच्या मागे, आणि चीनच्या सानी, एक्ससीएमजी या कंपन्या जगभर पसरल्यात. सानी आणि ह्युंदाई यांचे कारखाने चाकणला आहेत, तळेगावला जेसीबी. मूळ पोकलेन कंपनीत १९७० च्या दशकात अमेरिकेच्या केस कंपनीने मोठा हिस्सा घेतला. पोकलेन हायड्रॉलिक्स या नावाने त्यातली तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या मोटरी बनवणारी शाखा आजही चालू आहे.

जपानमध्ये एके काळी चोर खोदयंत्रं पळवून त्यांनी एटीएम उखडायचे. यंत्र कुठे आहे हे कळावं म्हणून कोमात्सुने त्यात माग काढणारी यंत्रणा बसवली आणि २००१ पासून ती जपानमधल्या नव्या यंत्रांत सरसकट येऊ लागली. त्यातून यंत्र किती तास चाललं हेही कळू लागलं. आता कुठल्या देशात खोदयंत्रं महिन्याला सरासरी किती तास चालली, हे आकडे कंपनी जाहीर करते आणि तिथली बांधकामं वाढतायत की थंडावलीत हे अर्थतज्ज्ञ त्यावरून जोखतात.

आमच्या बांधावरही हिशेब तासांचाच होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ऑपरेटरने इंजिन बंद केलं, फडक्याने दांड्यावरचा चिखल पुसला आणि केबिनमधला मीटर वाचून दाखवला. भावाने सकाळच्या आकड्याखाली तो वहीत लिहिला. नऊ तास चाळीस मिनिटं.