अंगठ्या मोजण्यापूर्वी

१८ डिसेंबर १९३२. शिकागोत बर्फ आणि थंडीचा असा कहर होता की मोकळ्या मैदानावर सामना खेळवणं शक्यच नव्हतं. म्हणून तो शिकागो स्टेडियम नावाच्या बंदिस्त हॉलमध्ये हलवला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती. तिच्यासाठी टाकलेली माती तशीच होती, तिच्यावरच मैदान आखलं गेलं. फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांच्या गोलपट्ट्या धरून १२० यार्डांचं असतं, हे जेमतेम ८० यार्डांचं झालं. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा.) शिकागो बेअर्सने पोर्ट्समथ स्पार्टन्सला ९-० असं हरवलं आणि त्या वर्षीचं विजेतेपद घेतलं.

हा सामना वेळापत्रकात नव्हताच. १९२० साली सुरू झालेल्या या लीगमध्ये, म्हणजे आजच्या एनएफएलमध्ये, तोवर विजेता मैदानावर नाही, कागदावर ठरायचा. हंगाम संपला की गुणतक्ता बघायचा. पहिल्या वर्षी तर संघमालकांनी मतदान करून विजेता निवडला होता. १९३२ मध्ये बेअर्स आणि स्पार्टन्स दोघांचेही सहा विजय आणि एक पराभव. बरोबरीत सुटलेले सामने तेव्हा हिशेबात धरत नसत, त्यामुळे दहा सामने जिंकलेला ग्रीन बे पॅकर्स तीन पराभवांमुळे या दोघांच्या खाली गेला. पहिल्या दोघांत निवाडा कसा करायचा? खेळवा एक जादा सामना. प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतर विजेता ठरवणाऱ्या सामन्यांचा, जन्म असा अडचणीतून झाला. लोकांना तो इतका आवडला की पुढच्याच वर्षी लीगचे दोन गट पाडले गेले आणि दोन गटविजेत्यांमध्ये अंतिम सामना ठरून गेला. तो आजतागायत चालू आहे.

माझं मन मात्र त्या रात्रीच्या दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकतं. स्पार्टन्सचा सर्वांत मोठा तारा डच क्लार्क त्या हॉलमध्ये नव्हता. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे होते. तरीही तो आला नाही, कारण कोलोरॅडो कॉलेजमध्ये तो बास्केटबॉलचा प्रशिक्षक होता आणि तिथली नोकरी सोडून येणं त्याला शक्य नव्हतं. विजेतेपदाचा सामना, आणि संघाचा हुकमी एक्का कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतोय! आज असं घडलं तर त्या खेळाडूला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. क्लार्कला १९६३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत स्थान मिळालं.

ताऱ्याची किंमत त्याच्या अंगठ्यांवर करायची सवय तेव्हा जडलेली नव्हती. विजेत्या संघाच्या प्रत्येक खेळाडूला अंगठी मिळते, आणि आज कुठलाही वाद शेवटी तिथेच येऊन थांबतो: बास्केटबॉलमधल्या जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार, फुटबॉलमधल्या ब्रेडीच्या सात, मरीनोची एकही नाही. मी स्वतः या वादांत वर्षानुवर्षं हिरिरीने भांडलो आहे. पण प्लेऑफ कसे घडत गेले हे जितकं वाचत गेलो, तितकं एक पक्कं होत गेलं. बास्केटबॉलमध्ये अंगठ्या मोजण्याला थोडाफार अर्थ आहे. फुटबॉलमध्ये एकट्या खेळाडूच्या नावावर त्या मांडणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

बास्केटबॉलची लीग आली १९४६ मध्ये. ती काढणारे बहुतेक जण आइस हॉकीच्या मोठमोठ्या हॉलचे मालक होते. हॉकी नसलेल्या रात्री हॉल रिकामे राहत, ते भरायचे होते. १९४९ मध्ये ही लीग प्रतिस्पर्धी लीगशी एकत्र होऊन एनबीए झाली. हॉलच्या मालकाला एक सामना नको असतो, त्याला तिकिटं विकायला रात्री हव्या असतात. म्हणून इथे प्लेऑफ म्हणजे मालिका. फुटबॉलमध्ये अंगाची अशी मोडतोड होते की आठवड्याला एकच सामना झेपतो, त्यामुळे तिथे एक सामना, एक निकाल. दोन्ही खेळांतला हा फरक अगदी मुळातला आहे. सात सामन्यांत नशिबाचे फासे बरेचसे फिटतात आणि जो खरोखर चांगला तो वर येतो. एका सामन्यात एक घसरलेला पाय पुरतो. शिवाय बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. त्यातला एक जण ४८ पैकी ४० हून अधिक मिनिटं खेळतो, तोच बास्केट करतो आणि तोच बचावालाही उभा राहतो. एक माणूस सामना फिरवू शकतो.

अंगठ्यांचा हिशेब खऱ्या अर्थाने सुरू झाला तो बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांच्यापासून. १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, त्यातल्या एका सामन्यात तर १०० गुण. सर्वोत्तम खेळाडूचा मान तरीही रसेलला मिळाला, आणि तो मान तेव्हा खेळाडूंच्याच मतांवर ठरत असे. सोबत आणि समोर खेळणाऱ्यांनी दिलेला हा कौल मला फार मोलाचा वाटतो. रसेलच्या बॉस्टन सेल्टिक्सने १३ हंगामांत ११ विजेतेपदं घेतली, त्यातली आठ सलग. इथे एक हिशेबही ध्यानात ठेवायला हवा. रसेल आला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते आणि गटात पहिला आलेला संघ दोन मालिका जिंकून विजेता व्हायचा. आज चार मालिका, १६ विजय लागतात. रसेलचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही, पण १९५९ ची अंगठी आणि आजची अंगठी एका तराजूत घालता येत नाही.

त्या काळाचा शेवट ५ मे १९६९ ला लॉस एंजेलिसमध्ये झाला. लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स, सातवा सामना. लेकर्सच्या मालकाने फोरम या आपल्या हॉलच्या छताला जाळ्यांमध्ये हजारो फुगे बांधून ठेवले होते, जिंकल्यावर सोडायला. सेल्टिक्सच्या खेळाडूंनी सरावाच्या वेळी वर बघितलं आणि ते फुगे त्यांना दिसले. लेकर्सचा जेरी वेस्ट मांडीच्या दुखापतीने लंगडत होता. तशा पायाने त्याने ४२ गुण, १३ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि १२ असिस्ट (ज्यावर सहकारी बास्केट करतो तो पास) केले. निकाल सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे वरच राहिले. रसेलचा तो शेवटचा सामना, आणि वेस्ट सेल्टिक्सकडून अंतिम मालिका हरला ती सहाव्यांदा. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिलाच पुरस्कार मिळाला वेस्टला, हरलेल्या संघातल्या माणसाला. त्यानंतर असं एकदाही झालेलं नाही. वेस्टला अंगठी मिळाली तीन वर्षांनी, १९७२ मध्ये. ती मिळाली नसती तरी माझ्या लेखी तो तेवढाच मोठा होता.

सत्तरच्या दशकात एनबीएची लोकप्रियता घसरली. १९८० मध्ये विशीतल्या मॅजिक जॉन्सनने पहिल्याच हंगामात, जखमी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी उभं राहून, अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात ४२ गुण केले, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत तो सामना थेट दिसलासुद्धा नाही, रात्री उशिरा रेकॉर्डिंग दाखवलं गेलं. मॅजिक आणि लॅरी बर्ड यांच्या चुरशीने चित्र पालटलं. १९८४ मध्ये प्लेऑफचे संघ १६ झाले. पुढे मायकल जॉर्डन आला. डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला सलग तीन वर्षं, १९८८ ते १९९०, घरी पाठवलं आणि 'गुण भरपूर, विजेतेपद नाही' ही टीका त्याच्यावर होत राहिली. १९९१ पासून त्याने अंतिम मालिका सहा वेळा खेळून सहाही जिंकल्या. आजच्या वादांतलं माप आलं ते तिथून. लेब्रॉन जेम्सला अजूनही त्यानेच मोजतात, जरी २०१६ मध्ये त्याच्या क्लीव्हलँडने ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सला १-३ अशा पिछाडीवरून हरवलं.

हेच माप मग फुटबॉलच्या क्वार्टरबॅकलाही लागलं, आणि माझा आक्षेप इथे आहे. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ल्याची सगळी सूत्रं हाती असलेला खेळाडू. पण चेंडू समोरच्या संघाकडे गेला की तो कडेला बाकावर बसतो. डॅन मरीनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्डांचे पास आणि ४८ टचडाऊन (चेंडू समोरच्या गोलपट्टीत पोचवणं) दिले. तोवर असा हंगाम कुणी पाहिला नव्हता. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्या संघावर ३८ गुण चढवले तेव्हा तो काय करू शकत होता? पुन्हा त्या सामन्यापर्यंत तो कधी पोचला नाही.

जानेवारी २०२२ मधला बफेलो-कॅन्सस सिटी सामना मी भारतात सोमवारी पहाटे पाचला उठून पाहिला. जॉश ॲलनने १३ सेकंद उरले असताना बफेलोला आघाडीवर नेलं. तेवढ्या वेळात पॅट्रिक महोम्सने संघाला गोलपोस्टच्या टप्प्यात आणलं आणि ४९ यार्डांवरून किक बसली, बरोबरी. जादा वेळेसाठी नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, थेट टचडाऊन केला, सामना संपला, ४२-३६. कॅमेरा ॲलनवर गेला तेव्हा तो हेल्मेट काढून नुसता उभा होता. जादा वेळेत त्याच्या हाती चेंडू एकदाही आला नाही. चहा गार झाला होता आणि ऑफिसला जायची वेळ होत आली होती, पण जागचं उठवेना. दोनच महिन्यांत लीगने नियम बदलला: प्लेऑफच्या जादा वेळेत दोन्ही संघांना चेंडू मिळालाच पाहिजे. ॲलनच्या खात्यावर तो पराभव कायमचा लागला, आणि तो नियमाचा पराभव होता असं मी आजही म्हणतो.

ओटो ग्रॅमचं उदाहरण याहून बोलकं आहे. क्लीव्हलँड ब्राउन्सचा हा क्वार्टरबॅक १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला, दहाही वेळा अंतिम सामन्यात होता, आणि सात वेळा जिंकला. त्याच्या आदल्या हंगामात, १९४५-४६ मध्ये, तो रॉचेस्टर रॉयल्सकडून बास्केटबॉल खेळला आणि तिथेही त्याचा संघ विजेता ठरला. पण पहिला सुपर बोल झाला जानेवारी १९६७ मध्ये, म्हणून लोक मोजायला सुरुवात तिथून करतात आणि ग्रॅम यादीतून गळतो.

मधल्या काळात प्लेऑफचा दरवाजा रुंद होत गेला. फुटबॉलमध्ये १९७० ला वाइल्ड कार्ड आलं, म्हणजे गट न जिंकताही प्रवेश. आज १४ संघ आत येतात. गटविजेत्याला मात्र हमखास जागा, मग कामगिरी कशीही असो. त्यामुळे २००८ मध्ये ११ सामने जिंकलेला न्यू इंग्लंड घरी बसला आणि २०१० मध्ये सातच सामने जिंकलेला सिएटल आत गेला. सिएटलने गतविजेत्या न्यू ऑर्लीन्सला हरवलं, मार्शॉन लिंचने ६७ यार्ड धाव घेत एकामागून एक बचावपटू झटकून टाकले. इतका थरार देणारी त्रुटी असेल तर ती राहू द्यावी, असं माझं मत. बास्केटबॉलमधलं प्ले-इन, सातव्या ते दहाव्या क्रमांकांत होणारी चढाओढ, मला त्याच कारणासाठी आवडतं. २०२३ मध्ये मायामी त्या चढाओढीतून आठवा आला आणि थेट अंतिम मालिकेपर्यंत गेला.

ग्रॅमचा तो रॉचेस्टर रॉयल्स गावं बदलत बदलत आज सॅक्रामेंटो किंग्ज झाला आहे. त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, जुहूला वाढले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणला, भारतातला एनबीएचा पहिला सामना. शाळकरी मुलांनी हॉल भरला होता, आणि किंग्ज जादा वेळेत इंडियाना पेसर्सकडून १३१-१३२ असे एका गुणाने हरले. तेव्हा या संघाने २००६ पासून प्लेऑफ पाहिलेला नव्हता. ते दार उघडायला २०२३ उजाडावं लागलं, सलग १६ हंगामांच्या दुष्काळानंतर, एनबीएतला सर्वांत लांब दुष्काळ. त्या वर्षी प्रत्येक विजयानंतर सॅक्रामेंटोत हॉलच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आभाळात सोडत आणि लोक रस्त्यावर मान वर करून तो बघत उभे राहत. पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण करून त्यांना बाहेर काढलं. एनबीएतलं त्यांचं एकमेव विजेतेपद रॉचेस्टरच्या काळातलं आहे, १९५१ सालचं.