यान गेलं, आवाज राहिला

शाळेच्या प्रयोगशाळेत एक काचेची हंडी होती. तिच्यात विजेची घंटा टांगलेली असायची आणि खालून निर्वात पंपाची नळी जोडलेली. बाई बटण दाबायच्या, घंटा खणखणायला लागायची. मग पंप सुरू व्हायचा आणि आवाज हळूहळू बारीक होत जायचा. छोटा टोला मात्र तितक्याच जोराने वाटीवर आपटत राहायचा. डोळ्यांना दिसतंय आणि कानांना काहीच पोचत नाहीये, हा अनुभव पहिल्यांदा आला की अंगावर काटा येतो. आवाज पूर्ण बंद मात्र कधीच व्हायचा नाही, शेवटी एक क्षीण कुरकुर उरायची. "ती तारांमधून येतेय," बाई सांगायच्या. तेव्हा त्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आज मला घंटेपेक्षा ती कुरकुर जास्त मोलाची वाटते.

हा प्रयोग जुना आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत काचेच्या भांड्यात टिकटिकणारं खिशातलं घड्याळ ठेवलं होतं आणि रॉबर्ट हूक यांनी बांधून दिलेल्या पंपाने हवा काढून घेतली होती. घड्याळ त्यांनी दोऱ्याला टांगलं. ते भांड्याच्या तळावर ठेवलं असतं तर टिकटिक काचेतून बाहेर आली असती. सैल, मऊ दोऱ्यातून ती फारशी येत नाही. प्रयोगाचं सगळं मर्म त्या दोऱ्यात आहे.

शाळेच्या त्याच दिवसांत दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका बघितली होती. अमेरिकेत ती मालिका १९६६ साली सुरू झाली. शीर्षकाच्या वेळी ते पांढरं यान पडद्यावरून सर्रकन जायचं आणि सोबत 'हूऽऽश' असा आवाज यायचा. हा आवाज कुठल्या यंत्रातून आला नव्हता. मालिकेच्या शीर्षकसंगीताचे संगीतकार अलेक्झांडर करेज यांनी तो चक्क तोंडाने काढला होता. मला ही गोष्ट फार आवडते. लहान मूल खेळातली गाडी फरशीवर ढकलताना तोंडाने घुर्रर्र करतं, तसंच हे. आपल्या जगात जोरात जाणारी प्रत्येक वस्तू आवाज करते, म्हणून न ऐकू येणारा वेग आपल्याला खरा वाटत नाही.

पण तो 'हूश' येतो कुठून? शेजारून एसटी भरधाव गेली की जो आवाज येतो, त्यात इंजिनाबरोबर हवेचाही मोठा वाटा असतो. गाडी हवा बाजूला सारते, मागे भोवरे सोडते आणि ते कंप आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येतात. दादरला गच्च भरलेल्या लोकलच्या दारात मागच्याने दिलेला धक्का माणसामाणसांतून पुढच्यापर्यंत पोचतो. प्रत्येक जण जागेवरून जेमतेम दोन बोटं हलतो, पण धक्का डबाभर फिरतो. ध्वनी हा असाच धक्का आहे. समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं, इतके रेणू असतात आणि एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतकंच अंतर कापतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं त्या ४०० किलोमीटर उंचीवर रेणूला दुसरा रेणू भेटेपर्यंत किलोमीटरच्या हिशेबात जावं लागतं. पृथ्वीच्या कक्षेलगतच्या आंतरग्रहीय अवकाशात तर घन सेंटिमीटरला पाच-दहा कण. डब्यात एकच माणूस असेल तर धक्का कोण कुणाला देणार?

मग 'नासाने अंतराळातला आवाज प्रसिद्ध केला' म्हणून व्हॉट्सॲपवर येतं ते काय असतं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरं आहेत. नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ऑगस्ट २०१२ मध्ये ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. पुढच्या वर्षी त्याच्या उपकरणाला भोवतालच्या विरळ प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित वायूतल्या, इलेक्ट्रॉनांचे हेलकावे सापडले. त्यांची वारंवारता होती साधारण २६०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २६०० हेलकावे, योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यातली. ते विद्युत हेलकावे स्पीकरवर सोडले की शिट्टी ऐकू येते. तिथे कुणी माणूस असता तर त्याला काही ऐकू आलं नसतं.

दुसरं उदाहरण वेगळं आहे, तिथे खरोखरच ध्वनी आहे. पर्सियस दीर्घिकासमूहात दोन दीर्घिकांच्या मधली जागासुद्धा तप्त वायूने भरलेली आहे. तिथल्या कृष्णविवरामुळे त्या वायूत दाबाच्या लाटा उठतात, असं चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ साली कळलं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही दुर्बीण. हा सूर पियानोच्या मधल्या 'सी'च्या ५७ सप्तकं खाली आहे, एका लाटेमागून दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. २०२२ साली ऐकवला गेला तो याच सुराचा प्रचंड वर चढवलेला अवतार. म्हणजे अवकाशात ध्वनी असूच शकत नाही हे वाक्यही सरसकट खरं नाही. माध्यम हवं आणि लाट त्या माध्यमाला झेपेल इतकी लांब हवी. दोन लढाऊ यानांच्या झटापटीत यातलं काहीच नसतं.

इथे मला माझं खरं म्हणणं मांडायचं आहे. मालिकांतल्या यानांबद्दल बोलताना लोक 'आवाज चुकीचा' म्हणून थांबतात. पण आवाज, यानांचं वळणं, वेग टिकवायला इंजिनं सतत पेटलेली असणं या वेगवेगळ्या चुका नाहीत. एकच चूक सगळीकडे पसरली आहे: आपण आपली हवा बरोबर घेऊन गेलो.

विमान वळताना एका अंगावर कलतं, कारण पंखांवरचा हवेचा रेटा तिरका झाल्याशिवाय ते वळतच नाही. पोकळीत पंखाला रेटणारं कुणीच नाही. तिथे यान कललं तर नुसतं कललेलं राहील आणि जात होतं तिकडेच जाईल. दिशा बदलायची तर इंजिनाचं तोंड फिरवून नव्या दिशेने ढकलायला हवं. आणि थांबायचं असेल तर? ब्रेक लावायला ना रस्ता आहे ना वारा. यानाला पाठमोरं होऊन जितकं ढकललं तितकंच उलटं ढकलावं लागतं.

हे भारतातल्या लाखो लोकांनी एकदा थेट पाहिलेलं आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी विक्रम लँडर चंद्रापासून ३० किलोमीटर उंचीवर होतं आणि सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर वेगाने आडवं चाललं होतं. उतरण्याचा पहिला टप्पा म्हणजे इंजिनांचा रोख प्रवासाच्या दिशेला ठेवून ती पेटवणं. पडद्यावरचे वेगाचे आकडे उतरत होते आणि आपण सगळे श्वास रोखून बसलो होतो. चंद्रावर त्या क्षणी चिटपाखराएवढाही आवाज नव्हता. तेवढं नाट्य कुठल्याही 'हूश'ने वाढलं असतं असं मला वाटत नाही.

मालिकांमध्ये हे भान ज्यांनी आधी दाखवलं त्यांत 'बॅबिलॉन ५' येते. तिची सुरुवात १९९३ सालची. तिच्यातल्या स्टारफ्युरी नावाच्या छोट्या लढाऊ यानाची रचना बघण्यासारखी आहे. मधे वैमानिक आणि चार बाजूंना पसरलेल्या चार हातांच्या टोकाला इंजिनं. दाराला आपण बिजागरीपासून लांब धक्का देतो, म्हणून ते सहज फिरतं. तसंच इंजिनं मध्यापासून दूर असली की थोड्या जोरात यान गर्रकन फिरतं. पाठलाग चुकवताना ते पुढे जात असतानाच उलटं वळून मागच्यावर मारा करतं. विमानाला हे कधी जमणार नाही, पोकळीत ते अगदी स्वाभाविक आहे.

'द एक्सपान्स' २०१५ साली आली आणि तिने यानाचं घरच बदलून टाकलं. बहुतेक मालिकांत यान जहाजासारखं असतं, मजले लांबीच्या दिशेने पसरलेले. एक्सपान्समधलं यान उंच इमारतीसारखं आहे. इंजिन तळघरात आणि मजले एकावर एक. इंजिन वर ढकलतं तेव्हा माणसाचे पाय जमिनीला टेकतात, लिफ्ट सुरू होताना क्षणभर वजन वाढल्यासारखं वाटतं ना, तसं. अर्ध्या वाटेवर इंजिन बंद होतं, सगळे तरंगतात, यान पाठमोरं होतं आणि उरलेली वाट ते वेग कमी करत जातं.

हिशेब करून बघितला तर थक्क व्हायला होतं. पृथ्वीच्या गुरुत्वाइतका प्रवेग सतत ठेवला, तर मंगळ जवळ असतानाचं साडेपाच कोटी किलोमीटरहून थोडं जास्त अंतर जेमतेम ४२ तासांत तुटेल आणि मध्यावर वेग सेकंदाला ७४० किलोमीटरच्या घरात जाईल. पर्सिव्हरन्स यानाला मंगळापर्यंत जायला २०३ दिवस लागले, कारण आपली रॉकेटं काही मिनिटं पेटतात आणि पुढे फेकलेल्या दगडासारखी जातात. इतका वेळ चालणारं इंजिन आज कुणाकडे नाही, मालिकेतलं ते इंजिन काल्पनिक आहे. पण एक गोष्ट कल्पनेने मानून घेतल्यावर बाकीचं सगळं न्यूटनच्या नियमांनी चालवलंय, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. बाहेरच्या दृश्यांत आवाज त्यांनीही पूर्ण टाळलेला नाही, हे मात्र नोंदवायला हवं.

शांततेची हिंमत केली ती २००२ सालच्या 'फायरफ्लाय'ने. यान बाहेरून दिसतं तेव्हा इंजिनाचा आवाज नाही, असलं तर संगीत. पुढे नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने मधला मार्ग काढला. तिथे बाहेरचे आवाज येतात, पण दबलेले, भिंतीपलीकडून आल्यासारखे. काहींना ही तडजोड वाटते. मला ती आवडते, कारण ती आमच्या प्रयोगशाळेतल्या कुरकुरीची आठवण करून देते.

आवाजाला हवाच लागते असं कुठे आहे? धातू चालतो, हाड चालतं. स्पेस शटलचे मोठे थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी इंजिनं, पेटत तेव्हा आतल्या लोकांना तोफेसारखा दणका ऐकू येई. तो सांगाड्यातून येई. स्पेसवॉक करणाऱ्याच्या हातातल्या यंत्राची थरथर हातमोज्यातून पोचते. दोन अंतराळवीरांनी शिरस्त्राणं एकमेकांना टेकवली तर रेडिओशिवाय बोलता येईल. आणि बाहेर स्फोट झाला तर? स्फोटाचा धडाका येणार नाही, पण उडालेले तुकडे थोड्या वेळाने यानाच्या कवचावर ताडताड आदळतील आणि ते आतल्यांना नक्की ऐकू येईल. आधी नुसता लखलखाट, मग शांतता, मग पत्र्यावर गारा. एखाद्या दिग्दर्शकाने हे नीट वापरलं तर प्रेक्षक खुर्चीत ताठ बसतील.

यानाच्या आत तर शांतता नसतेच. अंतराळ स्थानकात पंखे आणि पंप रात्रंदिवस चालू असतात, त्यांचा घुमणारा आवाज कधी थांबत नाही. त्यामागचं कारण मोठं सुरेख आहे. पृथ्वीवर उच्छ्वासाची गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी ताजी येते. वजनरहित अवस्थेत 'वर' असं काही नाही, त्यामुळे हे अभिसरण बंद पडतं. पंखा नसेल तर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचत राहील. म्हणून तिथे पंख्याची घरघर अंगाईसारखी सुखाची, आणि ती थांबली तर जागं व्हायलाच हवं. यान बिघडल्याचं दाखवायला मालिकांत दिवे लाल होतात, भोंगे वाजतात. घरघर अचानक थांबणं त्याहून भयंकर आहे.

यानाचं तापमानही याच हवेच्या सवयीत अडकलेलं आहे. 'अंतराळात थंडी असते, मग यान गोठेल' असं सहज मानलं जातं. पण गरम चहा निवतो तो बराचसा भोवतालच्या हवेमुळे. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवतात, ती उष्णता जाऊ नये म्हणूनच. अख्खं यान त्या थर्मासमध्ये बसलेलं असतं. उष्णता प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर टाकता येते, त्यासाठी अंतराळ स्थानकाला घडीच्या पडद्यांसारखे मोठे पांढरे रेडिएटर आहेत आणि त्यांच्यात अमोनिया फिरतो. पडद्यावरच्या महाकाय युद्धनौकांना हे पडदे मला फार क्वचित दिसले आहेत.

एक आवाज मात्र मला मालिकेत कधीतरी ऐकायचाच आहे. मंगळावर हवा आहे, दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, पण आहे. पर्सिव्हरन्सने २०२१ साली तिथे मायक्रोफोन नेला आणि इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या पात्यांची ८४ हर्ट्झची गुणगुण टिपली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून एक अजब गोष्ट कळली. तिथे खर्जातला ध्वनी सेकंदाला सुमारे २४० मीटरने जातो आणि २४० हर्ट्झच्या वरचा सुमारे २५० मीटरने. म्हणजे मंगळावर लांबून ढोल-ताशाचं पथक वाजत आलं, तर ताशाची तडतड ढोलाच्या पुढे निघेल. पण तिथली कार्बन डायऑक्साइडची हवा वरचे सूर फार लवकर गिळते, त्यामुळे ताशा वाटेतच विरून जाईल आणि आपल्यापर्यंत, अगदी मंद, ढोलाचा ठोका तेवढा येईल.