बिग बॉय हे मॅलेट इंजिन नव्हे

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या ४०१४ क्रमांकाच्या, वाफेवर चालणाऱ्या बिग बॉय इंजिनाची चित्रफीत फिरू लागली, की तिच्याखाली कोणीतरी हमखास लिहितो, ‘जगातले सर्वांत मोठे मॅलेट इंजिन’. वाक्यातल्या ‘सर्वांत मोठे’ या दाव्यावर हवा तितका वाद घालता येईल. पण ‘मॅलेट’ हा शब्द, म्हणजे मध्ये बिजागरी असलेले आणि तीच वाफ दोनदा वापरणारे इंजिन, तेथे सरळ चुकीचा आहे. वाफेच्या इंजिनांवर प्रेमाने आणि एरवी बऱ्यापैकी अभ्यासाने लिहिणारी माणसेही ही चूक वर्षानुवर्षे करत आली आहेत.

बिग बॉयबद्दल फार सांगण्याची गरज नसावी. १९४१ ते १९४४ या काळात स्केनेक्टडीच्या अल्को कारखान्यात बांधलेली २५ इंजिने, चाकांची मांडणी ४-८-८-४ (पुढची आधारचाके, इंजिन ओढणाऱ्या चालकचाकांचे दोन संच, मागची आधारचाके), बॉयलरचा दाब चौरस इंचाला ३०० पौंड, युटातल्या ओगडेनच्या पूर्वेकडील वासॅच पर्वताची चढण हे मूळ कार्यक्षेत्र, आणि २०१९ मध्ये शायेनच्या शेडमधून पुन्हा रुळावर आलेले ४०१४, एवढे बहुतेकांना पाठ असते.

गोंधळाचे मूळ दिसण्यात आहे. मॅलेट आणि बिग बॉय या दोहोंमध्ये एका लांबलचक बॉयलरखाली चालकचाकांचे दोन संच असतात. मागचा संच ज्या सांगाड्यावर बसतो, तो बॉयलरला पक्का जखडलेला असतो. पुढचा संच बिजागरीने त्याला जोडलेला असल्यामुळे वळणावर स्वतंत्रपणे वळतो आणि बॉयलरचे नाक वळणाच्या बाहेरच्या अंगाला लोंबताना दिसते. ही बिजागरी अनातोल मॅलेट या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये काम केलेल्या अभियंत्याने १८८४ मध्ये पेटंट केलेल्या रचनेतली आहे. त्यामुळे बिजागरी दिसली की मॅलेट, असा हिशेब लोक करतात. मात्र त्या पेटंटातला अर्धाच भाग त्यांनी उचललेला असतो.

उरलेला अर्धा भाग वाफेचा आहे, आणि खरा फरक तेथेच आहे. मॅलेटच्या रचनेत वाफ दोनदा राबवली जाते. बॉयलरमधून निघालेली पूर्ण दाबाची वाफ आधी मागच्या, जखडलेल्या संचाच्या सिलिंडरांत जाते. तेथे काम करून दाब उतरला, की ती धुराड्याकडे न जाता एका मोठ्या नळीतून पुढच्या संचाच्या सिलिंडरांत येते, दुसऱ्यांदा दट्ट्या ढकलते आणि मगच धुराड्यातून बाहेर पडते. यालाच कंपाउंड म्हणतात. कमी दाबाच्या वाफेकडून तितकेच काम करून घ्यायचे, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. म्हणून पुढचे सिलिंडर मागच्यांपेक्षा कितीतरी जाड असतात. मॅलेटची खरी हुशारी अशी, की हलणाऱ्या सांध्यांतून फक्त कमी दाबाची वाफ न्यावी लागते. बॉयलरच्या पूर्ण दाबाला गळती न होता टिकेल असा लवचीक सांधा बनवणे हे त्या काळी मोठे अवघड काम होते.

बिग बॉयमध्ये असे काही होत नाही. चारही सिलिंडरांना थेट बॉयलरची ताजी वाफ मिळते, चारही एकाच मापाचे, पावणेचोवीस इंच व्यासाचे आहेत, आणि एकदा वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून बाहेर जाते. अशा, बिजागरी असलेल्या पण वाफ एकदाच वापरणाऱ्या इंजिनाला सिंपल आर्टिक्युलेटेड म्हणतात. १९३६ पासूनचे ४-६-६-४ चॅलेंजर आणि चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे १९४१ चे २-६-६-६ अ‍ॅलेघेनी हीही त्याच जातीची.

हा फरक कागदी नाही, हे पाहायचे असेल तर एकाच कंपनीची दोन इंजिने घ्यावीत. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९३६ मध्ये रोआनोकच्या स्वतःच्या कारखान्यात दोन नवे वर्ग बांधायला घेतले. ए वर्ग, २-६-६-४, हा सिंपल. वाय-६ वर्ग, २-८-८-२, हा अस्सल मॅलेट. ए वर्गाची चालकचाके ७० इंचांची, वाय-६ ची ५८ इंचांची. पहिला वर्ग तुलनेने सपाट मार्गावर वेगाने गाड्या न्यायचा, दुसरा डोंगराळ भागात कोळशाच्या गाड्या ओढायचा किंवा मागून रेटायचा, म्हणजे आपल्या कसारा-खंडाळ्याच्या भाषेत बँकरचे काम करायचा. वाय-६ च्या मागच्या सिलिंडरांचा व्यास २५ इंच आणि पुढच्यांचा ३९ इंच, म्हणजे पुढच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट. २०१५ मध्ये २१५६ क्रमांकाचे वाय-६ सेंट लुइसहून काही वर्षांसाठी रोआनोकच्या संग्रहालयात आले, तेव्हा तेथल्या १२१८ या ए वर्गाच्या इंजिनाशी ते ताडून पाहता येत असे. समोरून पाहिले, तर वाय-६ च्या पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंनी जणू पिंपे बांधली आहेत असे वाटते.

या पिंपांनीच शेवटी बहुतेक अमेरिकी कंपन्यांना मॅलेटपासून दूर नेले. व्हर्जिनियन रेल्वेच्या १९१८ च्या २-१०-१०-२ इंजिनांचे पुढचे सिलिंडर ४८ इंच, म्हणजे चक्क चार फूट व्यासाचे होते. त्याहून मोठे करायला बोगद्यांच्या भिंती आणि फलाटांच्या कडा वाव देत नव्हत्या. शिवाय कमी दाबाची एवढी प्रचंड वाफ वेगात आत घेऊन बाहेर टाकणे झडपांना झेपत नाही, आणि जड दट्ट्ये वेग वाढला की सगळा सांगाडा हादरवतात. म्हणून जुने मॅलेट बैलगाडीसारखे रेटून चालायचे. विसाच्या दशकात जलद मालगाड्यांची गरज वाढली आणि जास्त दाबाला टिकणारे सांधेही जमू लागले, तेव्हा कोळशा-पाण्याची बचत सोडून देऊन बहुतेकांनी सिंपल रचना पत्करली. नॉरफोक अँड वेस्टर्नने मात्र कंपाउंड सोडले नाही. रोलर बेअरिंग, ओतीव पोलादाचा एकसंध सांगाडा आणि यांत्रिक वंगणव्यवस्था यांनी त्याचे दोष कमी करत तिने १९५२ पर्यंत वाय-६ बांधले. त्या चिकाटीबद्दल मला बिग बॉयच्या आकारापेक्षा अधिक आदर आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

येथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. गाडी सुटताना पुढच्या सिलिंडरांना अजून वापरलेली वाफ मिळालेली नसते, म्हणून मॅलेटमध्ये एक खास झडप असते. ती फिरवली, की थोडा वेळ पुढच्या सिलिंडरांनाही बॉयलरची ताजी वाफ मिळते. या अवस्थेलाही सिंपलच म्हणतात. म्हणून वाय-६ च्या ओढशक्तीचे दोन आकडे छापलेले दिसतात : सिंपल अवस्थेत १,५२,२०६ पौंड आणि कंपाउंड अवस्थेत १,२६,८३१ पौंड. मग कोणी पहिला आकडा उचलून बिग बॉयच्या १,३५,३७५ शेजारी ठेवतो आणि वाय-६ ला विजयी ठरवतो, तर कोणी दुसरा उचलून हरवतो. पहिला आकडा खरा आहे, पण गाडी जागची हलवण्यापुरताच. चार मोठ्या-छोट्या सिलिंडरांना ताजी वाफ पुरवत राहणे बॉयलरला परवडत नाही. आणि ‘वाय-६ सिंपलही होते, मग फरक काय राहिला?’ असा युक्तिवाद म्हणजे पहिल्या गिअरमध्ये सुटणाऱ्या गाडीला एकाच गिअरची म्हणण्यासारखे आहे.

चाकांच्या आकड्यांवरून जात ओळखू नये, एवढेच त्याबाबत पुरे. २-८-८-२ ही मांडणी दोन्ही जातींत सापडते. बंगाल नागपूर रेल्वेच्या गॅरेट इंजिनांनाही कधीकधी मॅलेट म्हटले जाते. त्यांत बॉयलर दोन संचांच्या मध्ये पाळण्यासारखा टांगलेला असतो, त्यामुळे तो प्रश्न दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातले इंजिन एकदा पाहिले की मिटतो.

‘अमेरिकी रेल्वे कामगार स्वतःच अशा सगळ्या इंजिनांना मॅली (मॅलेटचाच बोली उच्चार) म्हणत’ हा बचाव मला ठाऊक आहे. कामगारांनी म्हणावे, त्यांचा तो हक्क होता. पण सदर्न पॅसिफिक रेल्वेने काय केले तेही पाहावे. तिच्या पुढे केबिन असलेल्या जुन्या कंपाउंड इंजिनांचा वर्ग ‘एमसी’ होता, त्यातला ‘एम’ मॅलेटचा. पुढे त्या इंजिनांचे सिलिंडर बदलून ती सिंपल केली, तेव्हा कंपनीने ‘एम’ काढून आर्टिक्युलेटेडचा ‘ए’ लावला. बिजागरी तीच राहिली होती.

चित्रफितीत सिलिंडर दिसत नसतील, तर डोळे मिटून ऐकावे. मॅलेटच्या धुराड्यातून फक्त पुढच्या संचाची वाफ बाहेर पडते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार संथ, भरीव फुत्कार येतात. बिग बॉयमध्ये दोन्ही संच आपापली वाफ सोडतात आणि त्यांचा मेळ कायम राहत नाही. कधी दोघांचे ठोके एकावर एक पडतात, कधी घसरून एकमेकांच्या मधल्या जागा भरतात. बिग बॉयचा आवाज ऐकलेला असतोच. अस्सल मॅलेटचा ऐकायचा, तर मेरीलँडमधल्या कंबरलँड ते फ्रॉस्टबर्ग मार्गावर २०२१ च्या अखेरीस पुन्हा धावू लागलेले, बाल्डविन कारखान्याने १९४९ मध्ये बांधलेले १३०९ क्रमांकाचे इंजिन शोधावे, आणि चढणीवर त्याचे फुत्कार मोजावेत.