नॅसचं तापमान: आकडा कुठे बघायचा आणि आम्हाला कधी फोन करायचा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांचे फोटो आणि फाइल्स साठवणारा डिस्कचा डबा. मे महिन्यात आणि गणपतीनंतर आमच्याकडे ठरलेले फोन येतात: "नॅसचा फॅन जोरात फिरतोय, डबा गरम लागतोय, बंद करू का?" बहुतेक वेळा उत्तर असतं, नको.

गणपतीनंतरचं कारण साधं आहे. विसर्जन आटोपलं की घरातले सगळे फोन एकदम फोटो चढवतात. मग नॅस त्यांची छोटी चित्रं बनवत, चेहरे ओळखत बसतो आणि प्रोसेसर तासन्‌तास राबतो. काम संपलं की तापमान आपोआप उतरतं. नॅस रिकामा असूनही उतरलं नाही, तर मात्र लक्ष घाला.

आकडा कुठे दिसतो ते कंपनीवर अवलंबून आहे. क्यूनॅपमध्ये कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम स्टेटसमध्ये प्रोसेसरचं तापमान आणि फॅनचा वेग मिळतो. ट्रूनॅसमध्ये रिपोर्टिंगखाली आलेखच असतो. सिनॉलॉजीच्या बऱ्याच मॉडेलांत प्रोसेसरचा आकडा वेगळा दाखवत नाहीत, इन्फो सेंटरमधल्या तापमानावर भागवावं लागतं. एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड देत) नॅसच्या आत शिरणाऱ्या हौशी ग्राहकांसाठी: लिनक्सच्या थर्मल फाइलमध्ये ५२००० दिसलं तर दचकू नका, हजाराने भागा, ५२ अंश.

आता किती म्हणजे जास्त? सेलेरॉन जे४१२५ हा घरगुती नॅसमध्ये नेहमी दिसणारा प्रोसेसर. इंटेलने त्याची कमाल मर्यादा १०५ अंश ठेवली आहे. मर्यादेजवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे काम चालू असताना ६५-७० दिसलं तर आम्ही येऊन काहीच करणार नाही, उगाच भेटीचे पैसे जातील. नवीन घेतल्यावर रिकाम्या नॅसचा आकडा वहीत लिहून ठेवा. वर्षभराने त्याच ऋतूत तो १०-१५ अंशांनी वाढलेला दिसला, तर धूळ बसली आहे किंवा फॅन दमला आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामाची धूळ एवढी, की मागची जाळी राखाडी फेल्टसारखी दिसते.

खरी काळजी डिस्कची करा. तुमचे फोटो प्रोसेसरमध्ये नसतात. नॅससाठीच्या अनेक डिस्कना कंपनीची मर्यादा ६५ अंश असते, पण आमच्या मते ५०च्या वर सतत राहिली तर फोन करावा.

बहुतेक घरी दोष जागेचा निघतो. अनेक घरगुती नॅस ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सला चिकटून आणि वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेल्या नॅसभोवतीची हवा मे महिन्यात ती मर्यादा सहज ओलांडते. दार काढा, मागे हातभर जागा सोडा. सिनॉलॉजीत फॅन 'क्वाएट'वरून 'कूल'वर टाका. आवाज थोडा वाढेल, नॅस बेडरूममध्ये असेल तर आधी घरच्यांना विचारा.

जाळीची धूळ मऊ ब्रशने बाहेरून काढायला हरकत नाही, मात्र आधी नॅस बंद करा. झाकण वॉरंटीत असताना उघडू नका.

फॅन थांबलेला दिसला, तर मेनूतून शटडाउन द्या. प्लग ओढू नका. मग मॉडेल नंबर आणि तापमानाच्या स्क्रीनचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. निम्म्या वेळा तेवढ्यावरूनच कोणता फॅन बरोबर आणायचा ते कळतं आणि काम एका भेटीत होतं.