जत्रेतले नाटक, कॅमकॉर्डरची फाईल आणि रूपांतराचा खटाटोप : पार्श्वभूमी

गोव्यात देवळाच्या जत्रेला गावच्याच हौशी कलाकारांनी मराठी नाटक सादर करण्याची प्रथा जुनी आहे, आणि रात्री उशिरा सुरू होऊन तासन्‌तास चालणाऱ्या या प्रयोगांचे चित्रीकरण करणारा माणूसही मांडवाला आता नवखा राहिलेला नाही. कॅमकॉर्डरमधील फाईल संपादनाआधी दुसऱ्या स्वरूपात बदलून घेण्याचे त्याचे किचकट काम मुळात कशामुळे मागे लागले, याचे उत्तर संकोचनाच्या, म्हणजे चित्रण कमी जागेत दाबून साठवण्याच्या, पद्धतीत सापडते.

१९९५ मध्ये आलेल्या डीव्ही या डिजिटल व्हिडिओ टेपवर प्रत्येक चौकट (चित्रणातले एकेक स्थिर चित्र) स्वतंत्रपणे संकुचित होत असे. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे, फायरवायरच्या केबलने टेप जशीच्या तशी संगणकात उतरे आणि संपादक हवी ती चौकट तत्काळ कापू शके. टेप उतरवायला तिच्या लांबीइतकाच वेळ जाई, एवढीच काय ती तक्रार.

२००३ मध्ये कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या कंपन्यांनी एचडीव्ही हे स्वरूप जाहीर केले. टेप तीच, सेकंदाला २५ मेगाबिट हा माहिती नोंदवण्याचा वेगही तोच. मात्र त्यात १४४० × १०८० बिंदूंची प्रतिमा बसवायची होती. हे साधले एमपेग-२ या संकोचन पद्धतीमुळे. भारतात चालणाऱ्या ५० हर्ट्‌झच्या पद्धतीत १२ चौकटींचा एक गट धरून त्यातली एकच पूर्ण साठवायची आणि उरलेल्यांचा केवळ फरक नोंदवायचा, अशी ही युक्ती होती. त्यामुळे गटाच्या मध्येच कापायचे झाले, तर संगणकाला आधी आजूबाजूच्या चौकटी उलगडाव्या लागत. शिवाय हे बिंदू चौरस नसल्यामुळे, सॉफ्टवेअरने ते ओळखले नाहीत तर रंगमंचावरचा राजा उगाच सडपातळ दिसे.

खरी कोंडी झाली ती २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी आणलेल्या एव्हीसीएचडी या स्वरूपानंतर. टेप जाऊन मेमरी कार्ड व हार्डडिस्क आली, आणि एच.२६४ या आणखी घट्ट संकोचन पद्धतीमुळे तासाभराचे चित्रीकरण, सेकंदाला २४ मेगाबिटचा वरचा दर धरला तरी, सुमारे ११ जीबीत मावू लागले. पण ते उलगडायला लागणारी ताकद त्या काळच्या घरगुती संगणकांत नव्हती. चित्र अडखळे, त्यातला डॉल्बी पद्धतीचा ध्वनी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संवादच ऐकू येत नसत.

यावर तोडगा म्हणून, संपादनाआधी मूळ फाईल ज्यांत बदलून घ्यायची अशी मधली स्वरूपे वापरात आली. अ‍ॅव्हिडचे डीएनएक्सएचडी २००४ पासून होते आणि अ‍ॅपलचे प्रोरेस २००७ मध्ये आले. दोन्हींत पुन्हा प्रत्येक चौकट स्वतंत्र असते, म्हणजे डीव्हीचेच तत्त्व मोठ्या आकारात परतले. त्याची किंमत जागेत मोजावी लागे: २५ चौकटींच्या १०८० चित्रणासाठी प्रोरेस ४२२ चा दर सुमारे १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला जवळपास ५५ जीबी. चार तासांचे नाटक ४४ जीबीवरून २२० जीबीवर जाई, आणि रूपांतराने चित्राचा दर्जा मात्र तसूभरही वाढत नसे. तो वाढतो, हा गैरसमज अजूनही भेटतो.

पुढे सॉफ्टवेअर मूळ फाईल थेट वाचू लागले. अडोबी प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरने २००८ च्या सीएस४ आवृत्तीत ती सोय दिली. २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्येच एच.२६४ उलगडणारा स्वतंत्र भाग आला आणि रूपांतराची निकड ओसरली.

एक अडचण मात्र जुन्या संग्रहांत टिकून आहे. कार्डावर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा असल्याने न थांबवता चित्रित केलेला अंक अनेक तुकड्यांत साठतो, आणि ते तुकडे कसे जुळतात याची नोंद शेजारच्या फोल्डरांत असते. घाईत केवळ ‘स्ट्रीम’ फोल्डरातल्या फाईली उचलून बाकीचे पुसले असेल, तर जोडाच्या जागी ध्वनी क्षणभर तुटतो, आणि नाट्यपद रंगात आलेले असताना नेमकी तिथेच तान खंडित होते.